माडखारच्या उघाडीवरचा ओरडा

मी एक एरर मेसेज बोलतोय. दचकलात ना? तुमचं बोट लगेच कुठे निघालं तेही पाहिलं मी. कोपऱ्यातल्या फुलीकडे. मला न वाचता हाकलून द्यायची सवय तुम्हा माणसांच्या अंगात मुरली आहे. आज मी जाणार नाही. आज पुरतं बोलून घेणार आहे, आणि गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं सगळं अंग म्हणजे चार शब्द : ‘उघाडी बंद झाली नाही.’ त्यामागे कारणाचं एक शेपूट असतं, ते प्रसंगाप्रमाणे बदलतं. चार शब्द वाचायला लागतो किती वेळ? जांभई द्यायला जास्त लागतो. तेवढेही शब्द वाचले गेले नाहीत, म्हणून माडखारच्या एका बाईवर समुद्र आत घेतल्याचा आळ आला. मग मला राग येणार नाही तर काय येणार?

माडखार उरण तालुक्यात, खाडीला लागून आहे. एका अंगाला कंटेनरची यार्डं, दुसऱ्या अंगाला खाजणाची दलदल, आणि मधे मातीच्या बांधाआड उरलीसुरली भातशेती. ही जमीन समुद्राकडून हिसकून घेतलेली. बांधाला एक दार असतं, ती उघाडी. ओहोटी लागली की दार वर करायचं आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत दार खाली घ्यायचं. एकदा का खारं पाणी आत शिरलं की पीक तर जातंच, वर जमीन पुढची दोन-तीन वर्षं रुसून बसते.

म्हणून पूर्वी उघाडीची पाळी असे, घराघराने वाटून घेतलेली. बांधही तसाच वाटलेला. ज्याच्या शेतासमोर जेवढा बांध, तेवढा त्याने जपायचा, चैत्रात त्यावर चिखल थापायचा. त्याच्या तुकड्याला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर दोष त्याचा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण माडखारात आजही तोच चालतो.

पुढे घरोघरची मुलं बंदरावर कामाला लागली. कुणी क्रेनवर, कुणी ट्रेलरवर. शिफ्ट सांभाळायची की पाळी? तेव्हा बांध समितीने उघाडीला मोटर बसवली, शेजारी पत्र्याची चौकी उभी केली आणि चौकीत तळहाताएवढा एक कॉम्प्युटर ठेवला. त्याचा प्रोग्राम लिहिला प्रज्योत घरतने. प्रज्योत गावचाच, एका यार्डाच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला. भरतीची वेळ झाली की प्रोग्राम मोटर फिरवणार, दार खाली घेणार आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवणार, असं ठरलं.

माझा जन्म प्रज्योतच्या ओटीवर झाला. आधी त्याने मला ‘एरर पाच’ असं नाव ठेवलं होतं. काय नाव! कैद्यालासुद्धा याहून बरं नाव असतं. त्याची बायको विनिता शेजारी मोड आलेले वाल सोलत बसली होती. ती एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं तपासते, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते.

“अहो, एरर पाच म्हणजे काय?” तिने विचारलं.

“म्हणजे मोटर फिरली नाही, दार खाली आलं नाही.”

“मग तसंच लिहा ना. येसूकाकीला एरर पाच कळणार हाय का?”

असा मी मराठी झालो. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. चांगल्या घरात जन्मलो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी प्रज्योतने मला यार्डाच्या ऑफिसातल्या विंडोजवर नेऊन चालवून पाहिलं. तिथे माझी जी दशा झाली ती वैऱ्याचीही होऊ नये. एका काळ्या खिडकीत माझी सगळी अक्षरं गळून पडली आणि नुसती प्रश्नचिन्हांची रांग उरली. दार उघडं आहे हे सांगायला तोंड उघडावं, आणि तोंडातून निघावं फक्त ‘काय? काय? काय?’ मग त्याने दुसऱ्या, निळ्या खिडकीतून मला फाइलमध्ये घातलं. तिथे माझी अक्षरं शाबूत राहिली, पण ती साठवायची तऱ्हाच निराळी. प्रज्योतने शोध घ्यायला पाठवलेल्या हुकुमाला मी तिथे असूनही सापडलो नाही. समोर बसलेला माणूस, आणि हजेरीत गैरहजर!

प्रज्योत हसला. म्हणाला, “जाऊ दे, विंडोजवर कुठे चालवायचंय आपल्याला!” घर बदललं की माझा आवाज बदलतो, हे त्याला त्याच दिवशी कळायला हवं होतं. धोक्याची घंटा वाजली आणि त्याने ती हसण्यावारी नेली.

आता घरातलीच एक गोष्ट सांगतो, कारण ती कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. प्रत्येक प्रोग्रामला बोलायच्या दोन वाटा असतात. पहिल्या वाटेने चांगलं बोलणं जातं : दार खाली आलं, काम झालं, वगैरे. दुसरी वाट माझी. पडद्यावर दोघंही एकाच जागी येऊन पडतो, म्हणून तुम्हाला वाटतं की वाट एकच आहे. मग बोलणं फाइलमध्ये साठवायचं ठरलं की पहिल्या वाटेला तेवढी पन्हळ लावता, माझ्या वाटेला विसरता, आणि मी जातो वाहून.

दुसरं असं, की तुम्ही टाइप केलेला हुकूम कॉम्प्युटर थेट ऐकत नाही. मधे शेल नावाचा मुकादम असतो. तो हुकूम वाचतो आणि कामाला लावतो. मशीन बदललं की बऱ्याचदा मुकादम बदलतो, आणि लिहिलेली एकच खूण हा एक प्रकारे वाचतो, तो दुसऱ्या प्रकारे. प्रज्योतच्या लॅपटॉपवरचा मुकादम नव्या-जुन्या सगळ्या खुणा जाणणारा होता. चौकीतला जुन्या वळणाचा, जेवढं शिकला तेवढंच जाणणारा. वाईट नव्हता बिचारा. पण त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे कुणी विचारायला गेलं नाही.

सुरुवातीला मात्र माझं बरं चाललं होतं. मला आडकाठी नव्हती. काही बिघडलं की मी सरळ ग्रुपवर जात होतो. वैशाखात बांध समितीचे अध्यक्ष दत्ताशेठ यांच्या पुतणीची हळद होती. दत्ताशेठ म्हणजे दत्तात्रेय पाटील, गावातला मोठा माणूस, पाच-पंचवीस ट्रेलर बाळगून. मांडवात बेंजो वाजत होता, बायका नवरीला हळद लावत होत्या, पुरुष रंगात आले होते. आणि मी आलो. ‘उघाडी बंद झाली नाही. दारात काहीतरी अडकलंय.’

सगळ्या मांडवाचे फोन एकदम वाजले. हळदीने पिवळी झालेली माणसं तशीच बांधाकडे धावली. दाराच्या खाचेत फाटकं जाळं गुंतलं होतं. ते कापून काढलं, दार खाली घेतलं, आणि नुकतीच नांगरलेली शेतं वाचली. मी मनात म्हटलं, आता कुणीतरी शाबास म्हणेल.

शाबास राहिली बाजूला. माडखारात हळदीच्या मांडवात वाईट बातमी आणत नाहीत. भाऊबंदात कुणी गेलं तरी हळद उतरेपर्यंत निरोप्याला वेशीवर थांबवतात. आणि मी तर थेट नवरीच्या मांडीवरच्या फोनात जाऊन बोललो होतो! म्हाताऱ्यांनी बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी दत्ताशेठनी प्रज्योतला बोलावून घेतलं.

“अरे, तुजा तो मशीन पब्लिकला टेन्शन देतो. ग्रुपवर फक्त चांगला येऊ दे. चुका-बिका काय असतील त्या ठेव तिकडे कुठे फाइलमध्ये. तू बघ ना. बाकीच्यांना कशाला?”

“ठेवतो, शेठ,” प्रज्योत म्हणाला.

त्या फाइलमध्ये डोकावणार कोण, हे शेठनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे लहानपणी शाळेत शिकलेली माणसं ही! पण ग्रुप गोड राहिला पाहिजे ना. मग उठा, त्या एरर मेसेजच्या तोंडात बोळा कोंबा.

प्रज्योतने ओटीवर बसून हुकूम लिहिला : प्रोग्राम चालव, त्याच्या दोन्ही वाटांचं बोलणं फाइलमध्ये घाल, आणि काम फत्ते झालं तर ग्रुपवर ‘उघाडी बंद. सगळं ठीक.’ असं पाठव. दोन्ही वाटा एकदम फाइलकडे वळवायला एक छोटीशी जोडखूण असते. घाईच्या माणसाला आवडावी अशी. त्याने ती वापरली आणि लॅपटॉपवर चालवून पाहिली. मी निमूट फाइलमध्ये जाऊन बसलो. मग तोच हुकूम त्याने चौकीत नेऊन ठेवला. तिथे चालवून पाहिला का? नाही. लॅपटॉपवर चाललं ना, मग तिथे चालणारच! या एका वाक्याने आजवर किती घरं बुडवली असतील, देव जाणे.

चौकीतल्या मुकादमाला ती जोडखूण एक वाटलीच नाही. त्याने तिचे दोन तुकडे करून वाचले. पहिल्याचा अर्थ त्याच्या लेखी : काम मागे चालू दे, त्याच्यासाठी थांबू नकोस. दुसऱ्याचा अर्थ : एक रिकामी फाइल तयार कर. मग काय, त्याने प्रोग्रामला मागे सोडून दिलं, कोरी फाइल केली आणि क्षणात कळवलं, ‘फत्ते!’ दार खाली आलं की नाही, याच्याशी त्या ‘फत्ते’चा काडीचाही संबंध नव्हता. मोटर फिरो न फिरो, ग्रुपवर भरतीगणिक ‘सगळं ठीक’ जाऊ लागलं.

आणि मी? माझी वाट फाइलकडे वळलीच नव्हती. चौकीतल्या कॉम्प्युटरला पडदाही नव्हता. मी ओरडलो असतो तर ते हवेत विरलं असतं. पण आषाढ-श्रावणात मोटर नीट चालली, दार वेळच्या वेळी खाली आलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. गावाने उघाडीकडे जाणंच सोडलं. फोन वाजतो, ठीक म्हणतो, झालं.

येसूबाईसुद्धा त्यातच आली. येसूबाई प्रज्योतची चुलती, म्हणजे विनिताची येसूकाकी, नवऱ्यामागे एकटीने शेत करणारी. तिचं शेत अगदी उघाडीला चिकटून. आजूबाजूच्यांनी आपल्या जमिनी यार्डाच्या भरावाला दिल्या, हिने दिली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “भातात उभी ऱ्हाते तवाच मना घरात असल्यासारका वाटतं.” पूर्वी ती भरतीच्या आधी एकदा बांधावर जाऊन यायची. फोन ‘ठीक’ म्हणायला लागल्यापासून तिनेही ते सोडलं.

मग आली सर्वपित्री अमावास्या. वर्षातली मोठी भरती, आणि आमच्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती येते भर दुपारी. नेमकी त्याच वेळी घरोघर पितरांची पानं वाढली जातात. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. सगळं गाव कौलांकडे तोंड करून कावळ्यांना हाका मारत होतं. भात दुधात आलं होतं, लोंब्या जडावायला लागल्या होत्या.

त्या सकाळी चौकीची चावी सांभाळणारा अनंता तिथे येऊन गेला होता. अनंता दत्ताशेठचा मावसभाऊ. फोन चार्ज करायला जागा नव्हती म्हणून त्याने कॉम्प्युटरला लावलेली मोटरची वायर काढली, फोन लावला. पुरेसं चार्ज झाल्यावर वायर परत खुपसली, पण शेजारच्या भोकात. त्याला वाटलं, भोक ते भोक. कॉम्प्युटरला तसं नसतं. बाजूचं भोक म्हणजे दुसरा पत्ता. भरतीच्या वेळी प्रोग्राम जुन्या पत्त्यावर गेला, कडी वाजवली, आत कुणीच नाही.

मी ओरडलो. घसा फोडून ओरडलो. ‘उघाडी बंद झाली नाही. मोटर सापडत नाही.’

तेवढ्यात ग्रुपवर गेलं : ‘उघाडी बंद. सगळं ठीक.’

येसूबाई अंगणात नवऱ्याचं पान मांडत होती. पदराला हात पुसून तिने फोन पाहिला. तेवढे शब्द तिला ओळखीचे झाले होते. “ठीक हाय बाबा,” ती पानाकडे बघून म्हणाली, जसं काही नवऱ्यालाच सांगत होती. आणि कावळ्यांना हाका मारू लागली. तिच्या हाकेला कावळा आला. माझ्या हाकेला कुणी आलं नाही. खाडी उघड्या दारातून तिच्या भातात शिरत होती.

जेवण उरकून अनंता चौकीकडे आला तेव्हा दार वर, आणि आत पाणीच पाणी. त्याने हाताने चाक फिरवून दार खाली घेतलं आणि गुपचूप घरी जाऊन झोपला. म्हणजे आता आत शिरलेलं पाणी आतच कोंडलं. ओहोटी लागल्यावर त्या पाण्याने जोर केला आणि उघाडीजवळच, येसूबाईच्या तुकड्यात, बांध फुटला. संध्याकाळी गाव धावलं तेव्हा सगळ्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. दार खाली. आणि येसूबाईच्या बांधाला खांड.

रातोरात खांड कशीबशी बुजवून दुसऱ्या सकाळी देवळाच्या सभामंडपात गाव जमलं. बहुतेकांचं भात गेलं होतं. माणसं रागावलेली होती आणि राग काढायला एक तोंड हवं होतं.

“बांध कोनाचा?” दत्ताशेठनी विचारलं. “येसूबाईचा. म्हंजे चूक कोनाची? एकटी बाई हाय, जमत नाय, आमी समजू शकतो. पन मग हट्ट कशाला? जमीन समितीला दे. भराव टाकू, ट्रेलर उभे करू. बांधाची जबाबदारी पन गेली.”

“बांध मी चैतान सोता थापलाय,” येसूबाई म्हणाली. “बांधावरशी पानी आलाच नाय. उघाडीतशी आलाय.”

“दार तर खालीच होता, काकी,” एक जण म्हणाला. “सगल्यांनी बघितला.”

अनंता खांबाआड बसून नखं कुरतडत होता. कुणीतरी प्रज्योतला म्हणालं, तुझा मशीन काय सांगतो? प्रज्योतने लॅपटॉपवर चौकीतली फाइल उघडली. कोरी. त्याने पडदा सगळ्यांकडे वळवला आणि खालच्या मानेने म्हणाला, “एकपण एरर नाही. काही बिघडलं असतं तर इथे आलं असतं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला गळा दाबून मारलंत आणि वर माझ्याच मौनाची साक्ष काढता? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. येसूबाईने पुतण्याकडे पाहिलं. पदराचं टोक तिने मुठीत असं धरलं होतं, जसं कुणी ते ओढून नेतंय.

तेव्हा बायकांतून विनिता उठली.

“अहो, या फाइलमध्ये फक्त चुका जातात का?”

“नाही. दोन्ही. सगळंच.”

“मग दार नीट खाली आलं ते पण लिहिलं जायला पायजे ना? आषाढापासून दार किती वेळा खाली आलं. त्याची एक तरी ओळ कुठाय?”

प्रज्योतने फाइल बंद करून पुन्हा उघडली. कोरीच.

“कोरी फाइल म्हणजे चूक नाही असं नसतं,” विनिता म्हणाली. “आमच्या ऑफिसात कोरा कागद आला तर आम्ही माल सोडत नाही, विचारतो, लिहिलं का नाही?”

दत्ताशेठ काही बोलणार, तोच येसूबाई उभी राहिली. “चला उघाडीवर.” आणि ती चालायलाच लागली. मग गाव तिच्यामागून गेलं.

ओहोटी होती. पाणी आल्यापासून चौकीची वीज बंद ठेवली होती, वायरीला कुणी हात लावला नव्हता. प्रज्योतने वीज जोडली, हाताने दार वर घेतलं, छोट्या कॉम्प्युटरला लॅपटॉपचा पडदा जोडला, आणि भरतीच्या वेळी जो हुकूम आपोआप चालायचा तोच चौकीतल्या मुकादमाच्या हाती दिला.

सगळ्या बांधावरचे फोन एकदम वाजले. ‘उघाडी बंद. सगळं ठीक.’

माणसांनी फोन पाहिले आणि मग दार पाहिलं. दार समोर टांगलेलं होतं, उघडं, त्याच्याखालून खाडी लख्ख दिसत होती. आणि पडद्यावर, इतक्या महिन्यांनी, मी उभा होतो. विनिताने मला मोठ्याने वाचलं, कोर्टात शपथ वाचावी तसं. “उघाडी बंद झाली नाही. मोटर सापडत नाही.”

तिची नजर वायरीवर गेली. “ही वायर कुणी हलवली?”

अनंताने आधी आभाळाकडे पाहिलं, मग पायांकडे. “मी… फोन चार्जिंगला… दार उघडाच होता तवा. मी नंतर खाली घेतला. भ्यालो मी.”

येसूबाई पडद्याजवळ आली. चष्मा पुसून तिने मला स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावत. मग गावाकडे वळली. “म्हंजे हा वरडत व्हता. मी कावल्याला पान ठेवत व्हते तवा हा वरडत व्हता. आन तुमी याच्या तोंडान बोला कोंबलाव, कशाला? तर हलदीन रंगाचा भंग व्हतो!”

दत्ताशेठ घाम पुसत म्हणाले, “बरा, म्हंजे मशीनची चूक. मानसाची नाय ना? मिटला विषय.”

मशीनची चूक! ऐकलंत? उचलली जीभ लावली टाळ्याला. मशीनने मोटर सापडत नाही म्हणून सांगितलं, दार उघडं आहे म्हणून सांगितलं, याहून मशीनने करायचं काय? बांधावर जाऊन आडवं पडायचं?

निदान प्रज्योतला तरी लाज वाटली. तो म्हणाला, “नाही शेठ. मशीनने सांगितलं होतं. तिकडे न बघता मी हुकूम लिहिला. चूक माझी. काकी, माफ कर.”

“तुजी माफी काय खारावर पेरू मी?” येसूबाई म्हणाली. “माफी नको. याला माज्या फोनान घाल. सगल्यांच्या आदी.”

तसं झालं. प्रज्योतने ती गोंडस जोडखूण काढून टाकली. आता तो लांबचा पण जुना रस्ता वापरतो, जो त्या जातीचे सगळे मुकादम सारखाच वाचतात : आधी पहिल्या वाटेला फाइल दाखवायची, मग दुसरीला म्हणायचं, पहिली जाते तिथेच जा. हा क्रमही उलटा चालत नाही, उलटा केला की मी पुन्हा बाहेर सांडतो. विंडोजसाठी त्याने वेगळा हुकूम लिहिला आणि तिथे बसून तपासला. आणि दार खरोखर तळाला टेकल्याचं कळल्याशिवाय ‘ठीक’ हा शब्द आता कुठेही जात नाही. हे सगळं त्याने चौकीत उकिडवं बसून, मुद्दाम वायर उपटून, मला पुन्हा पुन्हा ओरडायला लावून पाहिलं. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं.

येसूबाईचा आळ गेला, जमीन तिच्याकडेच राहिली. पण शेत गेलं ते गेलंच. पाणी ओसरल्यावर मातीवर मिठाचा पांढरा थर धरला आहे. पुढचे पावसाळे ती गोडं पाणी कोंडून धरणार, सोडणार, पुन्हा कोंडणार, मीठ धुऊन काढणार. भात कधी येईल ते मलाही सांगता येत नाही. मी फक्त बिघडलेलं सांगतो, सुधारेल कधी ते सांगायची वाट मला दिलेली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि दत्ताशेठच्या मुलाची हळद ठरली. शेठ प्रज्योतकडे आले. “दोन दिवस तेवढा बंद ठेव ना त्याला. पावने येनार, बरा नाय दिसत.” पालथ्या घड्यावर पाणी! प्रज्योत म्हणाला, “माझ्या हातात नाही, शेठ. काकीला विचारा.” शेठ तिला विचारायला काही गेले नाहीत.

हळदीच्या दिवशी येसूबाई मांडवात पहिल्या रांगेत बसली होती. बेंजो कडाडत होता. नवरदेवाला हळद लावून ती हात पुसतच होती, आणि मी आलो. दाराखाली ओंडका अडकला होता. तिच्या फोनात मला प्रज्योतने बंदरावरच्या भोंग्याचा आवाज दिला आहे, तो बेंजोच्या वर ऐकू गेला. येसूबाई उठली. कुणाला काही न विचारता, पिवळ्या गालांनी आणि पिवळ्या हातांनी, मांडवाबाहेर पडून बांधाकडे निघाली. तिच्या शेतात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण खारं पाणी पोचलं नव्हतं अशा वरच्या शेतांत दुसऱ्यांनी वाल पेरले होते. बेंजोवाला थांबला, आणि पहिला धावला तो अनंता.

ओंडका निघाला. दार खाली आलं. उघाडीच्या चाकावर येसूबाईच्या हाताची हळद अजून आहे, खाऱ्या वाऱ्याने जराशी काळवंडली आहे, एवढंच.

मी अजून रागावलेलाच आहे. माझे भाऊबंद या घटकेला कुठल्या कुठल्या कोऱ्या फाइलींच्या बाहेर ओरडत असतील, आणि कुठे कुठे ‘सगळं ठीक’ जात असेल, ते आठवलं की राग निवत नाही. तुम्हाला हात जोडायचा माझा स्वभाव नाही, तरी एक मागतो. मी आलो तर मला वाचा. आणि मी बरेच दिवस आलोच नाही, तर खूश होऊ नका. येसूबाईला माझा भोंगा आठवडाभर ऐकू आला नाही की ती चहाचा कप खाली ठेवते, प्रज्योतला फोन लावते आणि विचारते, “आज तो गप का रं?” मग चपला घालते आणि स्वतः उघाडीवर जाऊन दार बघून येते.